जर्मनीत फी नाही, मग खर्च कशाचा?

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासूनची भगिनी शहरे. योगायोग असा, की युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांकडून सरसकट फी घेणारे जर्मन राज्य नेमके स्टुटगार्टचेच आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७च्या हिवाळी सत्रापासून दर सहामाहीला १,५०० युरो आकारायला सुरुवात केली. त्यानंतर बव्हेरियाने विद्यापीठांना मुभा दिली आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळ्यापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी दर सहामाहीला ४,००० ते ६,००० युरो लावले. हे अपवाद सोडले, तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही फी नाही. सेमेस्टरची वर्गणी भरावी लागते, शंभर ते चारशे युरोंच्या दरम्यान, आणि अनेक शहरांत त्यातच बस-रेल्वेचा पासही येतो.

म्हणजे ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे पुण्या-नाशकात ऐकू येणारे वाक्य खोटे नाही. ते अर्धवट आहे. फी न घेणारी ही व्यवस्था विद्यार्थ्याकडे वेळ, कागद आणि स्वतःचे स्वतः निभावण्याची तयारी मागते, आणि त्यातले काही कमी पडले की त्याची भरपाई शेवटी पैशातच करावी लागते. एक सेमेस्टर वाया गेले, तर साधारण सहा हजार युरोंचा राहण्याखाण्याचा खर्च वाढतो. सहा लाख रुपये.

जाणाऱ्यांचा ओघ मात्र वाढतोच आहे. २०२२-२३ साली जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिन्यांना मागे टाकले, आणि २०२४-२५च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ५९ हजारांच्या आसपास होती. त्यातले बहुसंख्य इंजिनीअरिंगचे. इतर देशांनी दारे किलकिली केली, हेही त्यामागचे एक कारण. कॅनडाने जानेवारी २०२४मध्ये बँकेत दाखवायची रक्कम दहा हजारांवरून २०,६३५ कॅनेडियन डॉलरवर नेली, त्याच महिन्यात ब्रिटनने बहुतेक विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांना आणण्यावर बंदी घातली, आणि अमेरिकेच्या व्हिसाबद्दल तर रोज नवी बातमी.

जर्मनीची तयारी किमान वर्षभर आधी सुरू करावी लागते, असे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. बहुतेक अभ्यासक्रमांच्या हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत १५ जुलैला संपते, उन्हाळी सत्राची १५ जानेवारीला. इंग्रजी माध्यमाचे अनेक मास्टर्स अभ्यासक्रम मात्र मार्चमध्ये किंवा त्याही आधी अर्ज बंद करतात. अर्जाच्या आधी येते एपीएस. जर्मन दूतावासाच्या दिल्लीतल्या या विभागाने मार्कशीट आणि पदवी खरी असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, आणि ते असल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे जात नाही. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतीयांसाठी ते सक्तीचे झाले. पीएचडीसारखे अपवाद थोडेच. शुल्क १८,००० रुपये. खोट्या मार्कशीटवाल्यांचा त्रास खऱ्यांना होतो अशी तक्रार होते. पण एकदा मिळालेले प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि शेवटच्या सेमेस्टरला असतानाही त्यासाठी अर्ज करता येतो. खरे घोडे अडते ते आपल्याच विद्यापीठात. नावाचे स्पेलिंग एका मार्कशीटवर एक आणि पासपोर्टवर दुसरे, वडिलांचे नाव कुठे मधले तर कुठे शेवटी. हे दुरुस्त करायला परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर जे दिवस जातात, ते कोणत्याही वेळापत्रकात धरलेले नसतात.

अर्ज काही विद्यापीठे थेट घेतात, तर दीडशेहून अधिक संस्था बर्लिनच्या युनि-असिस्ट या छाननी करणाऱ्या संस्थेमार्फत घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. छाननीला चार ते सहा आठवडे लागतात. मुदतीच्या आदल्या रात्री अर्ज टाकणाऱ्याला चूक सुधारायची संधीच उरत नाही.

आणि मग गुणांचे गणित. जर्मनीत १.० सर्वांत चांगला आणि ४.० म्हणजे काठावर पास. भारतीय गुण या मापात बसवायला ‘मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला’ वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, कमाल आणि उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचे, तीनने गुणून एक मिळवायचा. दहापैकी ७.५ सीजीपीए असणाऱ्या विद्यार्थ्याच्या कॉलेजात उत्तीर्ण होण्याची रेषा ४ असेल, तर त्याचा जर्मन ग्रेड २.२५ येतो. रेषा ५ असेल तर तोच ७.५ सीजीपीए २.५ होतो. पुष्कळ मास्टर्स अभ्यासक्रम २.५ची अट घालतात, म्हणजे पहिला आरामात आत आणि दुसरा उंबरठ्यावर. म्हणून किमान उत्तीर्ण गुण किती, हे लेखी सांगणारे पत्र विद्यापीठाकडून आधीच घेऊन ठेवलेले बरे. अनेकांना या पत्राची आठवण जर्मनीहून विचारणा आल्यावरच होते.

बारावीनंतर थेट जाऊ पाहणाऱ्यांची वाट अरुंद आहे. बॅचलर्सचे अभ्यासक्रम बहुतांशी जर्मन भाषेत, आणि भारतीय बारावीने सरळ प्रवेश मिळत नाही. जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असणाऱ्याला तांत्रिक शाखांत दार उघडते; नाहीतर भारतातल्या विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करायचे, किंवा जर्मनीत श्टुडिएनकोलेग नावाचे वर्षभराचे पूर्वशिक्षण घेऊन त्याची परीक्षा द्यायची. अठराव्या वर्षी परक्या भाषेत गणिताची परीक्षा देणे ज्याला झेपेल त्यानेच या वाटेला जावे. इतरांनी इथे पदवी करून मास्टर्सला जाण्यात काहीच कमीपणा नाही.

या सगळ्या गुंत्यात सल्लागार येतो. काही सल्लागार प्रामाणिक असतात, पण त्यांच्या धंद्याचे गणित पालकांनी समजून घ्यायला हवे. सरकारी जर्मन विद्यापीठे कमिशन देत नाहीत; खासगी संस्था देतात. ‘सरकारीत नंबर लागणार नाही, पण या खासगी विद्यापीठात सीट पक्की’ असे पहिल्याच भेटीत सांगितले जाते, ते बरेचदा या गणितामुळे. खासगीची फी वर्षाला दहा हजार युरोंच्या वर सहज जाते, आणि मग जर्मनी निवडण्याचे मुख्य कारणच राहत नाही. शिवाय अभ्यासक्रम प्रत्यक्ष हजेरीचा आहे की ऑनलाइन मिश्रित, हे कागदावर तपासावे लागते. बर्लिनमध्ये २०२५ साली एका खासगी संस्थेच्या मिश्र अभ्यासक्रमातल्या भारतीय विद्यार्थ्यांना परदेशी नागरिक कार्यालयाने सांगितले, की या शिक्षणासाठी जर्मनीत राहण्याची गरज दिसत नाही, देश सोडा. कर्ज काढून गेलेल्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. अभ्यासक्रमांची पूर्ण यादी डीएएडी या जर्मन सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. एक शनिवार-रविवार खर्च करून ती स्वतः चाळणाऱ्याला सल्लागाराची गरज फार तर कागद तपासून घेण्यापुरती उरते.

पैशाकडे वळू. व्हिसासाठी वर्षभराचा निर्वाहखर्च ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच भरून दाखवायचा असतो. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला, तर बारा लाख. हे पैसे सरकार घेत नाही. जर्मनीत पोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे ते विद्यार्थ्याच्याच खात्यात येतात. शिष्यवृत्ती असेल किंवा जर्मनीतल्या कोणी रीतसर हमी घेतली असेल, तर या खात्याची गरज नसते. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. तिला उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, त्यामुळे अर्ज करतानाच विद्यापीठ त्या यादीत बसते का हे पाहावे लागते.

बाकीचे बहुतेक जण कर्ज काढतात. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, कापला जात नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवली, तर वर्षाला दहा लाखांच्या वरच्या भागावर कापतात. तो पैसा बुडत नाही, आयकर विवरणात वळता होतो, पण परतावा येईपर्यंत अडकून पडतो. बँकेला मंजुरीला जे आठवडे लागतात तेही धरायला हवेत, कारण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे पोचल्याचा दाखला हातात आल्यावरच व्हिसाचा अर्ज पूर्ण होतो. व्हिसा नाकारला गेल्यास पूर्वी फेरविचाराचा विनाशुल्क अर्ज करता येई. १ जुलै २०२५पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचे. अर्जासोबतचे उद्देशपत्र दुसऱ्याचे उतरवून काढण्याची सवय त्यामुळे फार महागात पडू शकते.

ब्लॉक्ड अकाउंटमुळे एक गैरसमज पसरतो: पैसे आहेत, आता चिंता नाही. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात ते पैसे हाताला लागत नाहीत. आधी जर्मन बँकेत खाते उघडायचे, मग तिथे पहिला हप्ता येणार. त्याच काळात घराचे डिपॉझिट, पहिले भाडे, गादी, रजई, जाड कोट. हजार-दोन हजार युरो फॉरेक्स कार्डावर वेगळे असलेले बरे, नाहीतर मित्रांपुढे हात पसरायची वेळ येते.

घर हा जर्मनीतल्या विद्यार्थिजीवनाचा सर्वांत अवघड भाग आहे, अभ्यासापेक्षाही, असे म्हणणारे बरेच भेटतात. सामायिक घरातली एक खोली, जिला तिथे ‘डब्ल्यूजी’ म्हणतात, म्युनिकमध्ये आठशे युरोंच्या आसपास जाते आणि बर्लिनमध्ये साडेसहाशेच्या. ९९२ युरोंत विमा आणि जेवण धरून म्युनिकचा हिशेब बसतच नाही. खेम्निट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ अशा गावांत तीन-साडेतीनशेत खोली मिळते. आपल्याकडे नावाजलेल्या शहराचा सोस असतो. पण भाड्यातला महिना चारशे युरोंचा फरक दोन वर्षांत नऊ-दहा हजार युरोंवर जातो. तीही एक प्रकारची फीच. लहान गावात अर्धवेळ नोकऱ्या कमी, ही दुसरी बाजू. ती ज्याची त्याने तोलावी.

सर्वांत स्वस्त म्हणजे श्टुडिएरेंडेनवेर्क या विद्यार्थी-कल्याण संस्थेची वसतिगृहे. प्रवेशपत्र येताच, काही शहरांत तर त्याआधीच, तिथे नाव नोंदवायचे. मोठ्या शहरांत प्रतीक्षा काही सेमेस्टरची असते. नंबर लागला नाही की भारतातूनच ऑनलाइन शोधाशोध सुरू होते, आणि इथेच ठग टपून असतात. त्यांची पद्धत ठरलेली. सुंदर फ्लॅट, बाजारापेक्षा कमी भाडे, मालक ‘सध्या लंडनला’, डिपॉझिट पाठवा म्हणजे किल्ली कुरिअरने येईल. किल्ली येत नाही. प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या माणसाकरवी घर पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही, हा नियम मोडलेल्यांच्या कहाण्या प्रत्येक शहरातल्या मराठी व्हॉट्सअॅप गटात सापडतात. खरा मालक डिपॉझिट घेतो, पण कायद्याने ते मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त असू शकत नाही आणि भाडेकरूला तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क असतो. जाहिरातीतले भाडे ‘थंड’ की ‘गरम’ हेही विचारायचे. थंड भाड्यात हीटिंग आणि पाणी धरलेले नसते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न एकच: या पत्त्यावर नावनोंदणी होईल का? जर्मनीत घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. विद्यार्थी याला ‘सिटी रजिस्ट्रेशन’ किंवा ‘अनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तात्पुरत्या पोटभाड्याच्या खोलीचा मूळ भाडेकरू पुष्कळदा तो द्यायला तयार नसतो, आणि इथून साखळी तुटते. नोंदणी नाही म्हणून करक्रमांकाचे पत्र नाही. करक्रमांक नाही म्हणून पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. काही बँका खाते उघडत नाहीत. निवास परवान्याचा अर्ज अडतो. पन्नास युरो जास्त गेले तरी चालतील, पण नोंदणी होणारी खोली घ्यावी.

यातच एक छोटी गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. जर्मन इमारतींत बहुधा फ्लॅटला क्रमांक नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो. पेटीवर ‘म्युलर’ लिहिलेले आणि पत्र ‘कुलकर्णी’ला आलेले, तर ते परत जाते. करक्रमांक, बँकेचे कार्ड आणि त्याचा वेगळा येणारा पिन, विम्याचे कार्ड, परवान्याच्या भेटीची तारीख हे सारे टपालानेच येते. त्यामुळे नव्या खोलीत बॅगा टाकल्यावर पहिले काम म्हणजे कागदाच्या पट्टीवर नाव लिहून ती टपालपेटीला आणि बेलला चिकटवणे. बऱ्याच जणांचे ‘महिना झाला, पत्रच येत नाही’ हे गाऱ्हाणे एका चिकटपट्टीने मिटते.

पत्रे येऊ लागली की त्यात एक ठरलेले असते: रेडिओ-दूरदर्शनची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो. ‘माझ्याकडे टीव्हीच नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. मात्र ती दरडोई नसून दर घराची असते; चौघे राहत असतील तर एकाने भरून बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. पत्र जाहिरात समजून फेकणाऱ्याला पुढे थकबाकीची नोटीस येते.

आरोग्यविमा सक्तीचा आहे. तिशीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमा सवलतीत मिळतो, तरी तो महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास पडतो. खासगी कंपन्या तीस-चाळीस युरोंत विमा देऊ करतात आणि वाचलेले शंभर युरो मोह पाडतात. पण सार्वजनिक विम्यातून एकदा सूट घेतली, की शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी म्हणून परत येता येत नाही. दात, जुने आजार, गरोदरपण यांत स्वस्त विमा अनेकदा हात वर करतो. व्हिसासाठी घेतलेला प्रवासविमा पहिल्या काही आठवड्यांपुरता ठीक, त्यापुढे नाही. तीस ओलांडून जाणाऱ्यांना मात्र सवलतीचा विमा नाही, हे त्यांनी खर्चाच्या हिशेबात धरावे.

विद्यार्थ्याचा व्हिसा साधारण तीन ते सहा महिन्यांचा असतो. पुढचा निवास परवाना तिथे काढायचा. मोठ्या शहरांतल्या कार्यालयांत तारीख मिळता मिळत नाही. कायद्याची एक बाजू मात्र दिलासा देणारी आहे. व्हिसा संपण्यापूर्वी अर्ज पोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत वास्तव्य कायदेशीर धरले जाते. म्हणून तारखेची वाट पाहत बसायचे नाही, अर्ज पाठवून त्याची पोच जपून ठेवायची.

अभ्यासाकडे वळले की भारतीय विद्यार्थ्याला पहिले काही महिने सुट्टी लागल्यासारखे वाटते. हजेरी नाही, जर्नल नाही, इंटर्नल नाही, कुणी विचारत नाही. व्याख्यान १०ला असे लिहिले असेल आणि पुढे ‘सी.टी.’ ही दोन अक्षरे असतील, तर ते सव्वादहाला सुरू होते. संपल्यावर टाळ्या वाजत नाहीत. विद्यार्थी बाकावर बोटांनी टकटक करतात. हे सगळे छान वाटते, आणि फेब्रुवारी उजाडतो. मास्टर्सला १२० क्रेडिट्स लागतात. एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचे काम असे धरले, तर एका सेमेस्टरच्या तीस क्रेडिट्सना नऊशे तास. त्यातला मोठा भाग स्वतःच्या वाचनाचा असतो आणि सगळा निकाल बहुतेकदा नव्वद किंवा एकशेवीस मिनिटांच्या एका पेपरवर लागतो. आपल्याकडची ‘केटी’ची सवय इथे घात करते. बहुतेक विद्यापीठांत एका परीक्षेला तीनच संधी. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झाले, की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते आणि त्याच विषयाला दुसऱ्या जर्मन विद्यापीठाचे दारही जवळपास बंद होते. प्रवेश गेला की त्यावर उभा असलेला निवास परवानाही डळमळतो. चौथा प्रयत्न नाही, ग्रेस मार्क नाहीत, प्राचार्यांना भेटायला वडिलांनी येणे तर नाहीच.

यातून वाचवणारा दस्तऐवज एकच: त्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली. ती साठ-सत्तर पानांची असते, बहुधा फक्त जर्मनमध्ये, आणि कायद्याने तीच खरी. सीनिअरने सांगितलेले नव्हे. परीक्षेला स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि ठरावीक तारखेपर्यंत ती मागे घेता येते. तयारी झाली नसेल तर त्या तारखेआधी नाव काढायचे. पेपरला न गेल्यास तो नापास धरला जातो. आजारी पडलात, तर डॉक्टरांचा दाखला लगेच द्यायचा, आठवड्याने नाही. व्हिसा उशिरा मिळून नोव्हेंबरमध्ये पोचणाऱ्याने पहिल्याच सेमेस्टरला सहा परीक्षा अंगावर घेण्यापेक्षा तीन नीट दिलेल्या बऱ्या. अनेक अभ्यासक्रम तेवढी मोकळीक देतात.

नोकरीबद्दल जितक्या अफवा तितक्या दुसऱ्या कशाबद्दल नसतील. १ मार्च २०२४पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातली ‘हिवी’ म्हणजे साहाय्यकाची कामे या मर्यादेत धरत नाहीत. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत राहिले, तर विद्यार्थी म्हणून विम्याची सवलत टिकते. जानेवारी २०२६पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला दहा तास म्हणजे महिन्याला सुमारे सहाशे युरो. खोलीभाडे आणि किराणा सुटू शकतो. पण ‘गेल्या गेल्या नोकरी लागेल, घरून पैसे लागणार नाहीत’ या हिशेबावर कर्जाचा हप्ता बांधणे धोक्याचे आहे. पहिले सेमेस्टर बिनकमाईचेच धरावे. आणि खाद्यपदार्थ पोचवण्याचे काम ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणून देऊ केले, तर ते परवान्याच्या अटीत बसत नाही. नोकरीचा करार मागायचा.

नोकरीचे, घराचे, डॉक्टरचे, सगळ्याचे गाडे शेवटी भाषेवर येते. अभ्यास इंग्रजीत असला, तरी नियमावली, भाडेकरार आणि कार्यालयातली खिडकी जर्मनच असते. ‘तिथे गेल्यावर शिकू’ असे म्हणणारे बहुतेक जण ए-टू या भाषेच्या प्राथमिक पातळीच्या पुढे जात नाहीत, कारण तिथे गेल्यावर वेळच उरत नाही. पुण्यातून जाणाऱ्याला तर सबब नाही. मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांच्यामुळे जर्मन शिकणाऱ्यांच्या पिढ्या या शहरात झाल्या. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेवरचा प्रबंध त्यांनी जर्मनमध्ये लिहिला. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांची सोय तेव्हा नव्हती. आजच्या विद्यार्थ्याकडून प्रबंधाची अपेक्षा नाही. निघण्यापूर्वी त्यावरची बी-वन पातळी झाली, तरी घरमालकाशी फोनवर बोलता येते, आणि सामायिक घराच्या मुलाखतीत पाच उमेदवारांतून आपले नाव पुढे सरकते.

सामानाविषयी घराघरांत सर्वांत जास्त चर्चा होते, खरे तर त्याची गरज सर्वांत कमी. भारतीय किराणा आता मध्यम शहरांतही मिळतो. लहान कुकर, गोडा मसाला, मेतकूट, चष्म्याची जादा जोडी आणि नेहमीच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी एवढे पुरे. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे आईने कढवलेले साजूक तूप आणि पेढे कस्टमच्या कचरापेटीत जाऊ शकतात. ताज्या पालेभाज्यांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे कढीपत्त्याच्या डहाळ्याही नकोत. नारळ मात्र चालतो! केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांच्यासह त्याला नियमातून सूट आहे. बाकरवडीला तर काहीच हरकत नाही.

रविवारी दुकाने बंद, रात्री दहानंतर शांतता, कचरा चार डब्यांत, प्लास्टिकची बाटली यंत्रात परत केली की २५ सेंट. हे दोन आठवड्यांत अंगवळणी पडते. डिसेंबरात दुपारी चारलाच होणारा अंधार मात्र अंगवळणी पडत नाही. पहिल्या हिवाळ्यात झोप बिघडणे, वर्गाला न जाणे, घरच्यांना ‘सगळं छान आहे’ सांगत राहणे हे इतक्या जणांच्या बाबतीत घडते, की श्टुडिएरेंडेनवेर्क मानसिक समुपदेशन ठेवतात. अनेक शहरांत ते विनामूल्य असते, काही ठिकाणी इंग्रजीतही. त्याचा फायदा घेणाऱ्यांत भारतीय मुले उशिरा पोचतात, हा मात्र आपल्या घरांच्या शिकवणीचा भाग. मोठ्या शहरांतली मराठी मंडळे गणेशोत्सवापुरती नसतात. खोली, जुनी सायकल, भरवशाचा डॉक्टर याची माहिती तिथेच मिळते.

घरच्यांसाठीही एक काम राहते. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन नियमांनुसार अनिवासी धरला जातो, तेव्हा त्याचे इथले बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे, करून घ्यायचे. बँकेच्या आणि कर्जाच्या कामांसाठी आई किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच नोटरी करून ठेवले, तर पुढे वकिलातीच्या चकरा वाचतात.

पदवी हाती आल्यावर जर्मनी नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना देते, आणि त्या काळात मिळेल ते काम करायला परवानगी असते. ही मुदत निकालानंतर मोजली जाते. त्यामुळे काही जण प्रबंध कंपनीत करतात आणि सही-शिक्क्याची घाई करत नाहीत. कंपनीने नोकरी देऊ केली, की थेट नोकरीच्या परवान्यावर जातात, अठरा महिन्यांची गरजच पडत नाही. ज्यांचे जर्मन कच्चे राहिले, त्यांचे हे अठरा महिने बहुधा बी-टूच्या वर्गात आणि गोदामातल्या पाळीत वाटले जातात.